विजेची कणगी

सुगीत आलेले धान्य शेतकरी कणगीत भरून ठेवतो आणि वर्षभर पुरवून खातो. नळाला सकाळी आलेले पाणी गृहिणी पिंपात साठविते आणि दिवसभर वापरते. जी वस्तू एका वेळी विपुल मिळते आणि दुसऱ्या वेळी मिळत नाही, ती राखून ठेवणे हे मनुष्याचे जुने शहाणपण आहे. विजेच्या बाबतीत मात्र ते सहज चालत नाही. तारांतून वाहणारी वीज जशीच्या तशी कोंडून ठेवता येत नाही. आपण घरात दिवा लावतो, त्याच क्षणी त्याला लागणारी वीज कोठे तरी निर्माण व्हावी लागते.

असे का होते? १८३१ साली मायकेल फॅरेडे ह्या इंग्रज शास्त्रज्ञाला असे आढळले की, तारेच्या वेटोळ्यात लोहचुंबक आतबाहेर हलविला असता तारेत विद्युत्प्रवाह वाहू लागतो. चुंबक थांबला, की प्रवाहही थांबतो. आजची प्रचंड जनित्रे ह्याच तत्त्वावर चालतात. ती फिरविण्यासाठी कोठे वाफेचा जोर लावतात, तर कोठे पाण्याचा. सह्याद्रीच्या माथ्यावरील तलावांचे पाणी नळांतून खोपोलीस उतरवून १९१५ पासून मुंबईला वीज पुरविण्यात येऊ लागली.

कोळसा जाळला, की धुराने हवा दूषित होते. शिवाय त्याचे साठेही अमर्याद नाहीत. म्हणून आता मनुष्याचे लक्ष ऊन आणि वारा ह्यांकडे वळले आहे. वारा पवनचक्कीची पाती फिरवून जनित्र चालवितो. सूर्यप्रकाश सिलिकनच्या पातळ चकत्यांवर पडला, की त्यांतील इलेक्ट्रॉन सुटे होऊन वीज वाहू लागते. परंतु येथे एक मोठी अडचण उभी राहते. घरोघरी दिवे लागण्याची वेळ आणि सूर्य मावळण्याची वेळ एकच! भर दुपारी वीज हवी त्याहून अधिक, आणि सायंकाळी ती अपुरी. वारा तर कोणाच्याच आज्ञेत नसतो.

ह्या अडचणीवरचा एक उपाय अकोले तालुक्यातील घाटघर येथे पाहावयास मिळतो. तेथे सह्याद्रीच्या कड्यावर एक जलाशय आहे आणि कड्याच्या पायथ्याशी, शहापूर तालुक्यातील चोंढे येथे, दुसरा. दोहोंच्या मध्ये डोंगराच्या पोटात वीजघर आहे. विजेची मागणी वाढली, की वरचे पाणी खाली सोडतात. ते यंत्राची चाके फिरविते आणि वीज निर्माण होते. मागणी कमी असताना तीच यंत्रे उलटी फिरवून खालचे पाणी पुन्हा वर चढवितात. येथे २००८ साली वीजनिर्मिती सुरू झाली. येथील दोन यंत्रांची मिळून क्षमता २५० मेगावॉट आहे.

ही साठवण केवढी असते, ह्याचा हिशेब सोपा आहे. एक हजार लिटर पाणी, म्हणजे दोनशे लिटरांची पाच पिंपे, चारशे मीटर खाली आले, तर सुमारे एक युनिट वीज मिळते. तेवढ्या विजेवर दहा वॉटचा दिवा शंभर तास जळतो. रोज चार तास अभ्यास करणाऱ्याला तो २५ दिवस पुरेल.

पाणी वर चढविण्यास शंभर युनिटे खर्च केली, तर परत सुमारे ७५ ते ८० युनिटेच हाती येतात. मग हा तोट्याचा व्यवहार का करावयाचा? कारण नको त्या वेळच्या शंभर युनिटांपेक्षा हव्या त्या वेळची पाऊणशे युनिटे अधिक मोलाची असतात. रुग्णालयात शस्त्रक्रिया चालू असताना दुपारच्या उन्हाची वाट पाहता येत नाही.

साठवणीचा दुसरा मार्ग विद्युत्‌घटांचा. १८०० साली व्होल्टा ह्या इटालियन शास्त्रज्ञाने पहिला विद्युत्‌घट जगापुढे मांडला. आजचे लिथियमचे घट वीज रासायनिक रूपात साठवितात. ते भ्रमणध्वनीत असतात, मोटारीही चालवितात. मात्र ते झिजतात, आणि त्यांना लागणारी खनिजे भूगर्भातून खणून काढावी लागतात. डोंगरावर जलाशय बांधावयाचा, तर त्यासाठीही जमीन पाण्याखाली जाते. कोणतीही शक्ती फुकट मिळत नाही.

ऊन सर्वांच्या अंगणात पडते. पण सायंकाळच्या दिव्यासाठी ते राखून ठेवणारी कणगी अद्याप पुरेशी मोठी झालेली नाही. ती अधिक मोठी आणि स्वस्त करणे, हे पुढील पिढीच्या शास्त्रज्ञांचे काम आहे. तोवर विनाकारण जळणारा दिवा मालविणे, हे आपणा सर्वांचे काम आहे.