पुसट पट्ट्यांची तक्रार

रस्त्याला खड्डा पडला की त्याची वार्ता गावभर होते. गटार तुंबले की दुर्गंधीच अर्जदाराचे काम करते. रस्त्यावरील पांढरा पट्टा मात्र एका दिवसात नाहीसा होत नाही. तो रोज थोडा थोडा झिजतो आणि पाहणाऱ्याची नजरही त्याच्याबरोबर रोज थोडी थोडी सरावत जाते. त्यामुळे तक्रारीची नेमकी वेळ कोणती, हे कोणासच उमगत नाही.

रायपूरची समता कॉलनी ही चौबे कॉलनीला लागून असलेली वस्ती. नागपूरकर भोसल्यांच्या अमदानीपासून छत्तीसगडात मराठी घरे नांदत आली आहेत, आणि चौबे कॉलनीतील महाराष्ट्र मंडळामुळे हा परिसर तेथील मराठी माणसाच्या विशेष परिचयाचा आहे. (तो महानगरपालिकेला तिकडच्या रिवाजाप्रमाणे 'नगर निगम' म्हणतो, आपणही तसेच म्हणू.) सन 2000 मध्ये रायपूर राजधानी झाले आणि शहरातील वाहनांची वर्दळ वाढली. अशा वस्तीत पट्ट्यांचा प्रश्न दोन ठिकाणी जाणवतो. एक, मुख्य रस्ता ओलांडण्याची जागा, दुसरे, गतिरोधक. गतिरोधक बहुधा रहिवाशांनीच मागून घेतलेला असतो. त्यावर काळे-पांढरे आडवे पट्टे असावेत असा भारतीय रस्ते काँग्रेसचा दंडक आहे. ते पट्टे पुसले गेले की रात्री येणाऱ्या स्कूटरस्वाराला तो उंचवटा दिसत नाही, आणि रक्षणासाठी मागितलेली वस्तूच त्याला पाडते.

पट्टा म्हणजे केवळ रंग नव्हे. वर्दळीच्या रस्त्यावर थर्मोप्लास्टिक नावाचे द्रव्य तापवून, पातळ करून पसरतात. त्याचा थर साधारण अडीच मिलिमीटर जाडीचा असतो. त्यात काचेचे बारीक मणी मिसळलेले असतात, आणि थर ओला असतानाच वरूनही पेरतात. वाहनाच्या दिव्याचा प्रकाश मण्यात शिरतो आणि आला त्याच दिशेने परततो, म्हणून पट्टा चालकाला अंधारात उजळलेला दिसतो. चाकांखाली हे मणी निखळले की दिवसा ठीक दिसणारा पट्टाही रात्री नाहीसा होतो. पावसात पाण्याचा पापुद्रा मण्यांवर चढला तरी तेच घडते. तेव्हा दिवसा येऊन पाहणी करणारा अभियंता 'पट्टा दिसतो' असा शेरा देतो तो खोटा नसतो, आणि रात्री रस्ता ओलांडू पाहणाऱ्या वृद्धाची तक्रारही खोटी नसते.

पादचाऱ्यांसाठी आखलेल्या जागेवर चालकाने वेग कमी करावा, थांबावे, त्यांना आधी जाऊ द्यावे, असे 2017 च्या वाहनचालनविषयक नियमांत सांगितले आहे. परंतु ही जागा चालकाला कळते ती पट्ट्यांवरूनच. मोटार वाहन कायद्यात 2019 साली घातलेल्या कलम 198-अ नुसार, रस्त्याची रचना, बांधणी वा देखभाल ठरलेल्या मानकांप्रमाणे न ठेवल्यामुळे मृत्यू अथवा अपंगत्व ओढवल्यास जबाबदार यंत्रणेला वा कंत्राटदाराला एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो. म्हणजे हे कलम जागे होते ते कोणी तरी पडल्यावर. त्याच्या आधी कार्यालयात पोचू शकतो तो नागरिकाचा कागद. आणि पुढे दुर्दैवाने काही घडलेच, तर धोक्याची कल्पना कार्यालयाला होती याचा पुरावाही तोच कागद असतो.

हा कागद कसा असावा, याविषयी सरकारी नोकरीत केसांना रुपेरी छटा आलेल्या माणसाने दोन शब्द बोलावयास हरकत नसावी. 'आमच्या कॉलनीतील रस्त्यांची दुर्दशा झाली आहे' या वाक्यावर कोणताही कारकून काही करू शकत नाही. त्याची नस्ती जाडजूड होते, हलत मात्र नाही. अमुक चौक, अमुक दुकानासमोरील पादचारी पट्टे, दिवसाचे एक आणि रात्रीचे एक छायाचित्र, एवढे दिले की कनिष्ठ अभियंत्याला जागेवर जावेच लागते. छत्तीसगडच्या शहरांत 'निदान' या सेवेच्या 1100 क्रमांकावर तक्रार नोंदवण्याची सोय झाली. कोठेही नोंदवा, पण नोंदणी क्रमांक टिपून ठेवा. रस्ता नगर निगमाचा, लोक निर्माण विभागाचा की राष्ट्रीय महामार्गाचा, हे आधी विचारून घ्यावे. अन्यथा अर्ज या दारातून त्या दारात फिरतो आणि प्रत्येक दार प्रामाणिकपणे सांगते की हे आमचे काम नव्हे.

शेवटी 'निधी नाही' हे उत्तर येते. त्यावर रतलामचे उदाहरण आठवावे. रायपूर तेव्हा मध्य प्रदेशातच होते. रतलामच्या एका वॉर्डातील रहिवासी उघडी गटारे आणि घाण यांविरुद्ध दंडाधिकाऱ्यांकडे गेले. नगरपालिकेने पैशाची अडचण पुढे केली. 1980 साली सर्वोच्च न्यायालयाने ती सबब फेटाळली. खटला गटारांचा होता, पट्ट्यांचा नव्हे. परंतु कायद्याने सोपवलेले कर्तव्य रिकाम्या तिजोरीमुळे सुटत नाही, हे त्यातून स्पष्ट झाले. मुंबई उच्च न्यायालयाने 2018 मध्ये सुस्थितीतील रस्ते हा जीविताच्या हक्काचाच भाग मानला.

वेळही पाहिली पाहिजे. ओल्या रस्त्यावर पट्टा धरत नाही, तेव्हा भर श्रावणातील अर्ज पावसाळा सरेपर्यंत पडून राहणारच. दसऱ्याच्या सुमारास केलेला अर्ज कामी येतो. नव्या डांबराखाली जुने पट्टे गाडले गेले असतील, तर कंत्राटदाराची दोषदुरुस्तीची मुदत संपण्यापूर्वीच विचारणा करावी, की पट्ट्यांचे काम त्याच्या कंत्राटात होते काय.

काम झाल्यावर एका रात्री विजेरी डोळ्यांच्या उंचीवर धरून दहा-पंधरा पावलांवरून पट्ट्याकडे पाहावे. मणी नीट पेरले असतील तर तो लख्ख उजळेल. मंदच राहिला, तर पहिल्या तक्रारीचा क्रमांक देऊन दुसरी तक्रार त्याच आठवड्यात करावी.