तान्हुलीसह सातासमुद्रापार

‘‘बाळाला काय कळतंय विलायतेतलं? आणि एवढी घाई कशाची? लंडन काही पळून जात नाही!’’

माझ्या भाचीच्या सासूबाई फोनवर बोलत होत्या आणि मी इकडे कराडला ओट्यापाशी उभी राहून ‘हो ना, खरं आहे तुमचं’ म्हणत होते. खरं सांगते मैत्रिणींनो, मनातून मीही त्यांच्याच बाजूची होते. महिला मंडळाच्या कामासाठी मी वस्त्यांवर जाते, बाळंतिणींना चार गोष्टी सांगते, पहिले सहा महिने अंगावरच्या दुधाशिवाय काही देऊ नका म्हणते. अशी मी! पण घरातलीच लेक साडेसात महिन्यांचं पोर घेऊन विमानात बसणार म्हटल्यावर माझ्याच पोटात गोळा आला.

भाची पुण्यात नोकरी करते. लग्नानंतर दोघांनी पैसे साठवून ही सहल ठरवली होती. आधी करोना आला, मग बाळ आलं. जावयांची बहीण लंडनला असते, त्यामुळे राहण्याचा खर्च नव्हता. बाळंतपणाची आणि साठलेली रजा संपत आली होती. ‘‘मावशी, एकदा कामावर रुजू झाले की पुढची दोन वर्षं रजा मागायला तोंड नाही. जायचं तर आत्ताच,’’ ती म्हणाली. सोबत माझी ताई, म्हणजे तिची आई, जाणार होती. पण ताईच्या गुडघ्याचं ऑपरेशन निघालं आणि तिच्याऐवजी माझी वर्णी लागली. असे आम्ही साडेतीन माणसं २०२३ च्या मे महिन्यात निघालो.

तयारीतच कळलं की त्या अर्ध्या माणसाचे कागद आपल्याइतकेच पुरे लागतात. बाळाला आईच्या पासपोर्टवर नेता येत नाही, त्याचा स्वतःचा पासपोर्ट हवा. त्यासाठी जन्मदाखल्यावर नाव लावून घ्यावं लागतं. आपल्याकडे बारसं लांबतं आणि दाखल्यावर नुसतंच ‘मुलगी’ राहतं, तसं चालत नाही. आईवडील दोघांच्या सह्या लागतात. फोटोसाठी पांढऱ्या चादरीवर निजवून डोळे उघडे असल्याचा क्षण पकडायला जावयांना दोन तास लागले. कपाळावरची तीट पुसा म्हटल्यावर विहीणबाई रुसल्या तो भाग वेगळा. व्हिसाही वेगळा. पाच वर्षांखालच्या मुलांच्या बोटांचे ठसे मात्र घेत नाहीत, फोटोवर भागतं. दोन वर्षांखालचं मूल मांडीवर बसणार असेल, तर परदेशाच्या विमानात त्याचं तिकीट साधारण मोठ्यांच्या भाड्याच्या दहाव्या हिश्श्याचं पडतं. वर कर वेगळे.

मग लाडू. ताईनं गुडघा बांधलेल्या अवस्थेत खुर्चीवर बसून लेकीसाठी डिंकाचे लाडू करून घेतले होते, खारीक-खोबरं, खसखस सगळं घालून. डबा पिशवीत गेलाही होता. आदल्या रात्री जावयांच्या बहिणीचा फोन आला, ‘‘वहिनी, सामानात खसखस नाही ना?’’ आमचं विमान दुबईला बदलायचं होतं. खसखस म्हणजे अफूच्या बोंडातलं बी. आपल्या घरात ते अनारशाला लागतं. पण संयुक्त अरब अमिरातीत ते मादक पदार्थांच्या यादीत आहे, सिंगापूरमध्येही त्याला बंदी आहे. नुसतं विमान बदलायला उतरलेल्या माणसालाही त्यापायी तुरुंग बघावा लागू शकतो. मांडीवर पोर आणि पुढ्यात पोलीस, असं चित्र माझ्या डोळ्यांपुढून गेलं. लाडवांचा डबा ताईकडे परत गेला. ब्रिटनमध्ये आपल्याकडचं दूध-दुभतं न्यायला मनाई आहे, म्हणून घरच्या तुपाची बरणीही राहिली. नाचणीचं सत्त्व आणि तांदूळ-मुगाची भाजलेली भरड तेवढी बरोबर घेतली. ज्यांच्या लेकी-सुना आखाती देशांतून पुढे जातात, त्यांनी मसाल्याचा डबाही एकदा उघडून बघावा.

बालरोगतज्ज्ञांनी दोन गोष्टी बजावल्या होत्या. प्रवासात झोपावं म्हणून सर्दीचं गुंगी आणणारं औषध द्यायचं नाही. त्यानं काही मुलं उलट जास्त चिडतात आणि श्वासालाही धोका असतो. दुसरं, जायफळ उगाळून चाटवायचं नाही. हे बोलताना ते माझ्याकडे बघत होते! गोवराची लस आपल्याकडे नऊ महिन्यांनी देतात, पण परदेशी निघालेल्या सहा महिन्यांपुढच्या बाळाला ती जादा म्हणून आधी देता येते, नेहमीची पुढे घ्यावीच लागते. तीही त्यांनी दिली.

विमान पहाटेचं. बाळांसाठी समोरच्या भिंतीला अडकवायचा छोटा पाळणा मिळतो. तो तिकीट काढतानाच सांगून ठेवावा लागतो, आणि बाळाच्या वजनाची मर्यादा असते. छोटी त्यात शहाण्यासारखी झोपली. मी मनात म्हटलं, उगाच घाबरलो. दुबई जवळ आली, विमान खाली यायला लागलं आणि हवाई सुंदरी बाळाला पाळण्यातून काढून घ्या म्हणाली. भाची तिला पाजायला घेणार, तेवढ्यात मी हात धरला. ‘‘झोपलंय गं ते, उठवू नकोस. नुसतं मांडीवर घे.’’ झोपलेलं मूल उठवू नये, हे आपल्या हाडीमांशी मुरलेलं!

पाच मिनिटांत छोटीनं जो टाहो फोडला, तो मी जन्मात विसरणार नाही. विमान उतरताना हवेचा दाब वाढतो, कानाच्या पडद्यावर ताण येतो. आपण आवंढा गिळला की कान मोकळा होतो. बाळाला ते कळत नाही आणि झोपेत गिळणंही कमी होतं. दूध पीत असलं तर आपसूक गिळलं जातं. एवढ्या रडण्यात ती तोंडच लावेना. पुढचे गृहस्थ दोनदा वळून बघून गेले. भाची घामाघूम, डोळ्यांत पाणी. पलीकडच्या रांगेतली एक केरळची बाई उठता येईना म्हणून खुणेनं सांगत होती, पाज, पाज. चमच्यानं पाणी घालत घालत कसंबसं आवरलं. भाची मला एक शब्द बोलली नाही, हेच जास्त लागलं.

लंडनच्या सात तासांच्या प्रवासात मात्र आम्ही शहाण्या झालो होतो. विमान जमिनीला टेकण्याच्या अर्धा तास आधीच खाली यायला लागतं, तेव्हाच पाजायला घेतलं. कुठं रडणं नाही, काही नाही. लंगोट आणि झबली तिच्यासाठी भरपूर घेतली होती, पण छोटीनं ओकारी काढली ती आईच्या अंगावर. आईसाठी जादा कपडे हाताशी ठेवायचं कुणालाच सुचलं नव्हतं. शेवटी माझ्या जुन्या सुती साडीचं दुपटं तिनं खांद्यावरून गुंडाळून घेतलं. त्या एका दुपट्याचं अंथरूण झालं, पांघरूण झालं, आडोसा झाला, आणि लंडनला उतरताना भाचीचा पोशाखही झाला.

खरी परीक्षा पुढे होती. मे महिन्यात लंडनचं घड्याळ आपल्यापेक्षा साडेचार तास मागे असतं. घरी छोटी साडेपाचला उठायची, म्हणजे तिकडे रात्री एकला टक्क जागी! पुन्हा झोपेपर्यंत चार वाजत, आणि पाचच्या आत तिकडे उजाडतं. पहिल्या दोन रात्री भाचीनं अशा काढल्या. दिवसा नणंदेकडचं स्वयंपाकघर, बाटल्या उकळणं, लंगोट, भरड शिजवणं. जावई आणि त्यांची बहीण नकाशे घेऊन बसायचे. भुयारी रेल्वेच्या कितीतरी स्थानकांना लिफ्ट नाही. तिथं बाबागाडी उचलून जिने चढायचे, म्हणून ‘तुम्ही दोघी आज घरीच थांबा’ असं ठरे. तिसऱ्या दिवशी जावई टॉवर ब्रिजचे फोटो दाखवत होते आणि भाची बाटलीचा ब्रश हातात धरून बघत होती.

रात्री ती माझ्याजवळ येऊन बसली. म्हणाली, ‘‘मावशी, मी फक्त जागा बदलली गं. काम तेच. पुण्यात निदान कामाला बाई तरी येते.’’

मला वाटत होतं, मी मदतीला आलेय. पण मी काय करत होते? ती पाजत असताना भाजी चिरायची आणि जावयांना आग्रहानं वाढायची. ‘अहो, तुम्ही जाऊन या, आम्ही आहोत ना’ हे वाक्य माझंच होतं. सगळ्यांची सहल झाली पाहिजे म्हणताना त्या ‘सगळ्यां’त पोराची आई मीही मोजली नव्हती. वस्तीवर हेच बघितलं असतं, तर त्या नवऱ्याला मी सुनावलं असतं. इथं मावससासू होऊन गप्प बसले होते.

जावयाला बोलायचं म्हणजे जीभ अडखळते. सकाळी चहा देताना म्हटलं, ‘‘जावईबापू, एक विचारू? तुम्ही तिकिटं किती काढलीत?’’ ते म्हणाले, ‘‘साडेतीन.’’ मी म्हटलं, ‘‘मग बघतंय कोण? दोनच.’’ ते जरा लाल झाले. वाईट वाटलं असणार. बराच वेळ काही बोलले नाहीत. मग भाचीला म्हणाले, ‘‘मला लंगोट बदलताना ती लाथा मारते, म्हणून मी...’’ ‘‘मलाही मारते,’’ भाची म्हणाली.

त्या रात्रीपासून एक ते चार माझी पाळी, पहाटे जावयांची. ते तिला छातीशी बांधून जवळच्या बागेत न्यायचे आणि भाची आठपर्यंत झोपायची. जिन्यांची रेल्वे सोडून आम्ही बस धरली. तिकडच्या बसमध्ये बाबागाडीला जागा असते, फक्त चाकाची खुर्ची आली तर आपण सरकायचं. दिवसाला एकच ठिकाण. ब्रिटिश म्युझियमला तिकीट नाही, त्यामुळे छोटी कुरकुरली तर पैसे वाया गेल्याची हळहळ न करता बाहेर येता येतं. निम्मं म्युझियम राहिलं, राहू दे. बाळाचं घड्याळ रोज थोडं थोडं सरकलं आणि पाचव्या-सहाव्या दिवशी जुळलंही.

शेवटचे तीन दिवस एडिंबरा. लंडनहून रेल्वेनं साडेचार तास लागतात. पाच वर्षांखालच्या मुलांना तिकीट नाही. तिथल्या एका चहाच्या दुकानात छोटी भुकेनं रडायला लागली. भाची सवयीनं कोपरा शोधू लागली, मी दुपटं धरून उभी राहिले. दुकानातली मुलगी आली. मला वाटलं, बाहेर जा म्हणते की काय! तिनं पाण्याचा ग्लास आणून ठेवला आणि हसून गेली. स्कॉटलंडमध्ये २००५ सालापासून कायदाच आहे, दोन वर्षांखालच्या मुलाला सार्वजनिक जागी पाजण्यापासून कुणी आईला अडवू शकत नाही. आपल्या एसटी स्टँडवर पदराखाली गुदमरणारी पोरं मला त्या क्षणी आठवली.

एडिंबरा शहरातच एक डोंगर आहे, आर्थर्स सीट. जुन्या ज्वालामुखीचा, २५१ मीटर उंच. आमची भाची कॉलेजात असताना गड-किल्ले पालथे घालायची. रायगडावर तर किती वेळा गेली असेल! लग्न, नोकरी, बाळंतपण, यात ते सुटलं. डोंगर दिसल्यापासून ती सारखी वर बघत होती, बोलत नव्हती. जावईच म्हणाले, ‘‘जाऊन ये. आम्ही खाली बसतो.’’ ‘‘आणि हिला भूक लागली तर?’’ ‘‘भरड आहे, मावशी आहेत, मी आहे.’’ छोटीला पोटभर पाजून ती निघाली. आम्ही पायथ्याच्या तळ्याकाठी हंस बघत बसलो.

दीड तास झाला, दोन तास झाले. छोटी चुळबुळायला लागली. जावयांनी भरड भरवली, निम्मी स्वतःच्या सदऱ्यावर घेतली. मी उगाचच घड्याळ बघत होते. आठ महिन्यांत पहिल्यांदा ती पोरीपासून इतका वेळ लांब होती. अडीच तासांनी वळणावर तिची निळी ओढणी दिसली. केस विस्कटलेले, गाल वाऱ्यानं लाल, कुर्ता दुधानं पुढून भिजलेला. धावतच आली. वरून समुद्र दिसतो म्हणाली. छोटीनं तिच्यावर झेपच घेतली.

मी म्हटलं, ‘‘आली बाई आमची हिरकणी गड उतरून!’’

ती पाजता पाजता हसली. ‘‘मावशी, हिरकणी उतरली तेवढंच सगळे सांगतात. ती रोज चढायची, ते कुणी सांगत नाही.’’

तेवढ्यात पुण्याहून विहीणबाईंचा व्हिडिओ कॉल आला. त्यांना ना डोंगर दिसला ना हंस. ‘‘अहो, पोरीचं टोपरं कुठं आहे?’’ टोपरं केव्हाच वाऱ्यानं उडून तळ्यात गेलं होतं. मी गुपचूप फोन जावयांच्या हातात दिला.