अख्खी फौज लावली, तरी पिक्चर पडला!

हल्ली ऐतिहासिक युद्धपटाचा ट्रेलर आला की कट्ट्यावरची पहिली प्रतिक्रिया ठरलेली असते, ‘व्हीएफएक्स गंडलंय यार.’ घोडे रबराचे वाटतात, मागची फौज कॉपी-पेस्ट केल्यासारखी दिसते. आता असा सिनेमा डोळ्यासमोर आणा ज्यात एकही सैनिक कॉम्प्युटरवर बनवलेला नाही. पंधरा हजारांच्या आसपास पायदळ आणि दोन हजार घोडेस्वार, सगळे हाडामांसाचे. सिनेमाचं नाव ‘वॉटर्लू’, साल १९७०. तिकीटबारीवर तो असा आपटला, की जाता जाता दुसऱ्या एका सिनेमाचाही त्यानं जीव घेतला. त्याबद्दल पुढे सांगतेच.

आपल्याकडे एखाद्याची पार वाट लागली की ‘पानिपत झालं’ म्हणतात, इंग्रजीत तिथे ‘वॉटर्लू’ येतं. १८ जून १८१५ रोजी आजच्या बेल्जियममध्ये नेपोलियन आपली शेवटची लढाई हरला. समोर होता ड्यूक ऑफ वेलिंग्टन. म्हणजे तोच आर्थर वेलस्ली, जो १८०३ मध्ये आपल्या जालना जिल्ह्यातल्या असईला शिंदे-भोसल्यांच्या फौजेशी लढला होता. तुमची सगळ्यात चांगली लढाई कोणती, असं पुढे त्याला विचारलं तेव्हा त्यानं वॉटर्लूचं नाही, असईचं नाव घेतलं, असं सांगतात. सिनेमात ख्रिस्तोफर प्लमर ऐटीत घोड्यावरून हिंडताना दिसेल, तेव्हा हे आठवा.

दिग्दर्शक सर्गेई बोंदार्चुक. त्याच्या ‘वॉर अँड पीस’ला नुकतंच ऑस्कर मिळालं होतं. इटालियन निर्माता डिनो डी लॉरेंटिस आणि सोव्हिएत रशियाचा मॉसफिल्म स्टुडिओ एकत्र आले आणि शूटिंगसाठी युक्रेनमधल्या उझहोरोदजवळची जमीन निवडली गेली. पण जमीन वॉटर्लूसारखी दिसत नव्हती ना! मग दोन टेकड्या बुलडोझरनं सपाट केल्या, हजारो झाडं आणून लावली, शेतात राय आणि बार्ली पेरली. लढाईच्या आदल्या रात्री खरंच धो धो पाऊस पडला होता, म्हणून चिखल हवा. त्यासाठी जमिनीखालून मैलोगणती पाइप टाकले. सैनिक तर थेट सोव्हिएत लष्कराचे. त्यांना १८१५ ची कवायत शिकवली, सेटशेजारीच त्यांची छावणी पडली. सकाळी नाश्ता, मग गणवेश, मग रणांगण. बोंदार्चुक वॉकीटॉकीवर बोलायचा आणि दुभाषे ते वेगवेगळ्या भाषांत पोहोचवायचे. जगातलं सातव्या क्रमांकाचं सैन्य या दिग्दर्शकाच्या हाताखाली आहे, असा विनोद तेव्हा फिरत होता.

बाकी काही बघितलं नाही तरी मार्शल नेच्या घोडदळाच्या हल्ल्याचा सीन बघाच. इंग्रज मागे हटताहेत असं वाटून ने पायदळ सोबत न घेता हजारो घोडे पुढे सोडतो. टेकडी ओलांडल्यावर दिसतं, की इंग्रज संगिनी रोखून चौकोन करून उभे आहेत. घोडा संगिनींच्या भिंतीवर उडी घेत नाही, तो बाजूनं वळतो. कॅमेरा हेलिकॉप्टरमधून वर वर जातो आणि खाली चौकोनांच्या मधून घोड्यांचे लोंढे नुसते भोवऱ्यासारखे फिरत राहतात. शूटिंगच्या वेळी घोडे अंगावर येताना बघून काही जवान खरोखर घाबरून रांग सोडायचे. त्यांच्या चेहऱ्यावरची भीती बघताना हे लक्षात ठेवा.

मग पडला का? माझं मत सांगते. पहिला तास रटाळ आहे. रॉड स्टायगरचा नेपोलियन एकतर किंचाळतो नाहीतर घाम पुसतो. ऑर्सन वेल्ससारखा माणूस अठराव्या लुईच्या भूमिकेत येतो आणि डोळ्याची पापणी लवते न लवते तोच गायब होतो. इतक्या हजारांत आपण जीव लावावा असं एकही माणूस नाही. एक कोवळा सैनिक चौकोनातून बाहेर धावत येतो आणि आपण एकमेकांना का मारतोय, असं ओरडतो. तेवढ्यापुरतं पोटात कालवतं. पण त्याची ओळखच आपल्याला धड झालेली नसते.

वेळही चुकली. व्हिएतनाम युद्ध चालू होतं, अमेरिकेतली कॉलेजची पोरं रस्त्यावर होती. त्याच वर्षी युद्धाची टर उडवणारा ‘मॅश’ धो धो चालला. सेनापतींच्या डावपेचांत तुमच्या वयाच्या कोणाला रस असणार? गंमत म्हणजे ‘वॉटर्लू’चा शेवटही युद्धाच्या बाजूनं नाहीच. जिंकलेला वेलिंग्टन संध्याकाळी प्रेतांच्या खचामधून घोडा चालवत जातो आणि त्याच्या चेहऱ्यावर विजयाचा लवलेश नसतो.

आता तो दुसरा सिनेमा. स्टॅनली क्युब्रिक तेव्हा नेपोलियनवरच काम करत होता. वर्षानुवर्षं अभ्यास, ठिकाणांचे हजारो फोटो, नेपोलियनच्या भोवतालची माणसं कोणत्या दिवशी कुठे होती याची कार्डं. खर्चाच्या धास्तीनं स्टुडिओवाले आधीच मागे सरकत होते, ‘वॉटर्लू’ आपटल्यावर तर कुणी हात लावायला तयार होईना. मग त्या काळाचा सगळा अभ्यास क्युब्रिकनं १९७५ च्या ‘बॅरी लिंडन’मध्ये ओतला. मेणबत्तीच्या उजेडात शूट करण्यासाठी नासाकरता बनवलेल्या झाइस लेन्स वापरल्या, त्या याच सिनेमात. फिल्म शिकणाऱ्यांना आजही तो दाखवतात. आणि क्युब्रिकच्या त्या नेपोलियनवर एचबीओसाठी सात भागांची मालिका करतोय, असं स्टीव्हन स्पीलबर्गनं २०२३ मध्ये सांगितलं होतं.

तोवर सव्वादोन तासांचा ‘वॉटर्लू’ मिळाला तर मोबाइलवर बघू नका. कुणाच्या तरी घरचा मोठा टीव्ही गाठा. पहिला तास गप्पा मारत काढलात तरी चालेल, पण नेचं घोडदळ निघालं की गप्प बसा.