झाशीचा आकडा, पुण्याचा आकडा

आमचे एक काका रेल्वेतून निवृत्त होऊन झाशीच्या प्रेमनगरात राहतात. तिथे पीएसए तपासलं तेव्हा आकडा आला ३.६. तीन आठवड्यांनी मुलाकडे पुण्याला आले, पुन्हा तपासलं, तर ४.५. घरात एकच बोलणं, तीन आठवड्यांत कॅन्सर वाढला! असे दोन लॅबचे दोन कागद शेजारी ठेवून काढलेले निष्कर्ष मी इतक्यांदा ऐकलेत, की आता चीड येते.

पीएसए म्हणजे प्रोस्टेट ग्रंथीतलं एक प्रथिन. ते मोजणारी यंत्रं वेगवेगळ्या कंपन्यांची, आणि त्यांची मापं मुख्यतः दोन: जुनं हायब्रिटेकचं आणि जागतिक आरोग्य संघटनेचं. तेच रक्त दोन्हीकडे दिलं तर संघटनेच्या मापावर आकडा साधारण २० ते २५ टक्के कमी येतो. काकांसाठी दोन्हीकडे फोन करून विचारलं. झाशीत संघटनेचं माप, पुण्यात हायब्रिटेकचं. म्हणजे वाढलं काहीच नव्हतं.

पण गोष्ट इथे संपत नाही. ४ ही प्रसिद्ध मर्यादा हायब्रिटेकच्या मापावर ठरलेली आहे. संघटनेच्या मापावर ती सुमारे ३.१ होते. झाशीच्या कागदावर मात्र ‘० ते ४ नॉर्मल’ असंच छापलेलं. तिथला दिलासाही पोकळ होता! म्हणून पुढची तपासणी त्याच लॅबमध्ये, त्याच पद्धतीने करा आणि कोणतं माप वापरतात ते विचारून रिपोर्टवर लिहून घ्या. लॅब बदलावीच लागली तर नव्या आकड्यापासून नवी नोंद सुरू करा. लघवीचा संसर्ग, नुकताच घातलेला कॅथेटर, आदल्या दोन दिवसांतलं वीर्यस्खलन, यांनीही आकडा चढतो. एकाच माणसात काही कारण नसतानाही तो थोडा हलत राहतो.

आता त्या ४ विषयी. २००४ साली ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये आलेल्या अभ्यासात सात वर्षं पीएसए कधीच ४ च्या वर न गेलेल्या २,९५० पुरुषांची बायोप्सी झाली. त्यांतल्या १५.२ टक्क्यांना कॅन्सर निघाला, बहुतेकांना सौम्य प्रकारचा. उलट ४ ते १० मध्ये आकडा असलेल्या चौघांपैकी साधारण तिघांच्या बायोप्सीत कॅन्सर सापडत नाही. प्रोस्टेटची कॅन्सर नसलेली साधी वाढसुद्धा पीएसए वाढवते.

४ ते १० च्या याच पट्ट्यात फ्री, म्हणजे मोकळं, पीएसए कामाला येतं. एकूण पीएसएत मोकळ्या पीएसएचा वाटा २५ टक्क्यांच्या वर असेल तर धोका कमी, १० च्या खाली असेल तर बराच जास्त. मात्र दोन्ही मोजमापं एकाच कंपनीच्या किटवरची हवीत. शिवाय मोकळं पीएसए बाहेर ठेवलेल्या रक्तात लवकर घटतं. नमुना दुसऱ्या शहरात जाणार असेल, तर सीरम कधी वेगळं केलं आणि थंड ठेवलं का, हे विचारायलाच हवं. पीएचआय ही आणखी एक तपासणी. तिच्यात एकूण आणि मोकळ्या पीएसएबरोबर प्रो-पीएसए धरून गणित मांडतात.

आता नेहमी कानावर येणारी काही वाक्यं. ‘उपाशीपोटी जायचं ना?’ गरज नाही.

‘रक्तातच कॅन्सर कळतो.’ नाही, निदान बायोप्सीनेच होतं.

‘बायोप्सीने कॅन्सर पसरतो.’ ही भीती निराधार आहे. रक्तस्राव आणि संसर्ग हे तिचे खरे धोके.

‘गोळी सुरू झाल्यावर पीएसए निम्मं झालं, बरं झालो.’ वाढलेल्या प्रोस्टेटसाठीची फिनास्टेराइड किंवा ड्युटास्टेराइड ही गोळी घेतल्यावर सहा महिने ते वर्षभरात आकडा तसाही निम्मा होतो. आलेला २ तेव्हा ४ समजून वाचायचा. काका नेमकी हीच गोळी दोन वर्षं घेत होते आणि ते कुठल्याच लॅबला त्यांनी सांगितलं नव्हतं.