कच्चं घर, पक्कं घर

मंडळी, तत्त्वज्ञानाच्या व्याख्यानात भिंतीची ओल कुठून आली, असं काहींना वाटेल. पण सानगडीसारख्या गावात सामान्य माणूस मोठा खर्च करतो तो लग्नाचा आणि घराचा. घराचा खर्च फसला की माणूस मनातून खचतो. तेव्हा भिंत आणि मन, दोन्हींचा विचार आपण एकत्रच करू.

एक उदाहरण धरून चालू. समजा, भावाभावांत वाटणी झाली आणि धाकट्याच्या वाट्याला वडिलांचं मातीचं घर आलं. तो पहिल्यांदाच घरमालक झाला. जवळचे थोडे पैसे आणि थोडं कर्ज घेऊन त्याने भिंतींना आतून-बाहेरून सिमेंटचा गिलावा केला, सारवलेल्या जमिनीवर टाइल्स बसवल्या, कवेलू उतरवून टिनाचे पत्रे चढवले. दिवाळीला घर झकास दिसलं. पण दुसऱ्या पावसाळ्यानंतर भिंतीत दोन-अडीच फूट ओल चढली, पोपडे सुटले, एका ठिकाणी तर गिलावा मातीसकट खाली आला. आता तो रोज त्या भिंतीकडे पाहतो आणि स्वतःला बोल लावतो. घरचे लावतात ते वेगळंच.

झालं काय, ते आधी समजून घेऊ. मातीची भिंत जमिनीतलं पाणी वर ओढते आणि उघड्या पृष्ठभागावाटे ते हवेत सोडून देते. सारवलेली जमीनही तेच करते. टाइल्स लागल्यावर जमिनीची वाट बंद झाली, ते पाणी भिंतीकडे वळलं. भिंतीवर सिमेंट, म्हणजे तिथलीही वाट बंद. मग पाणी आतच राहतं, वर चढतं, माती मऊ करतं. शिवाय सिमेंट कडक आणि माती मऊ; दोन्हींचं फुगणं-आकसणं सारखं नाही, म्हणून चिरा पडतात. चिरांतून पाऊस आत जातो, पण बाहेर पडत नाही. त्यात पत्रे लावताना वळचण आखूड झाली असेल तर पावसाचा मारा थेट भिंतीवर. भंडाऱ्याकडचा पाऊस काही थोडाथोडका नाही. आणखी एक गोष्ट आपल्या गावांत सर्रास दिसते. सिमेंट रस्ता थरावर थर चढत जातो आणि एके दिवशी घराच्या जोत्याच्या वर येतो. मग गल्लीचं पाणी कुठे जाणार?

‘मिलिंदपञ्ह’ या पाली ग्रंथात भिक्षू नागसेन मिलिंद राजाला विचारतो, रथ म्हणजे नेमकं काय? चाक म्हणजे रथ का? आस म्हणजे रथ का? राजा प्रत्येकाला नाही म्हणतो. नागसेनाचा रोख पुढे ‘मी’ नावाच्या गोष्टीकडे जातो, तो आज बाजूला ठेवू. आपल्या कामाचं एवढंच, की घर कुठल्याही एका भागात नसतं. वळचण, जोतं, माती, दरवर्षीचं सारवण आणि पावसाआधी कवेलू फेरणं, या सगळ्यांचा एकमेकांशी व्यवहार ठरलेला असतो. आपल्या धाकट्याने भाग बदलले आणि तो व्यवहार मोडला.

त्याला तसं वाटायला आपली भाषाही कारण आहे, असं आमचं मत आहे. मातीच्या घराला आपण ‘कच्चं’ म्हणतो, जणू ते शिजायचंच राहिलंय! सेवाग्रामची बापू कुटी माती, बांबू, लाकूड आणि कवेलूंची आहे. गांधीजी 1936 साली सेवाग्रामला राहायला आले. ती कुटी आजही उभी आहे, कारण तिची डागडुजी सतत होत राहते. ‘पक्कं’ म्हणजे ज्याला हात लावावा लागत नाही, अशी आपली समजूत आहे. असं घर कुठेच नसतं, स्लॅबही गळतोच.

आता पस्तावा. स्पिनोझा म्हणतो, पस्तावा हा काही सद्‌गुण नव्हे. पस्तावणारा दुप्पट दुःखी होतो. आम्हाला हे अर्धंच पटतं. ‘माझी अक्कल गेली होती’ हा पस्तावा निरुपयोगी, आणि घातकही. कारण तो लपवायला माणूस ओलीवर पुट्टी आणि वॉटरप्रूफ रंग फासतो, म्हणजे उरलीसुरली वाटही बुजवतो. पण ‘पाणी कुठून येतं, हे न पाहता मी खर्च केला’ हा पस्तावा कामाचा आहे. तो पुढचं काम सांगतो.

ते काम असं. आधी पाणी बाहेर वळवा; वळचण वाढवा, भिंतीलगत उतार द्या, नाली काढा. मग उन्हाळ्याच्या तोंडी खालचा तीनेक फूट गिलावा थोडा थोडा करून काढा. सगळ्या भिंती एकदम उघड्या करू नका. मयालीचा भार असलेल्या भिंतीला जाणत्या मिस्त्रीला विचारून आधी टेकू द्या. भिंत आठवडे-महिने वाळू द्या, घाई नको. उघडलेल्या जागी माती आणि तणसाचा गिलावा, वरून चुना. टाइल्स सगळ्या फोडायची गरज नाही; भिंतीलगतची एक ओळ काढून पाहा, फरक पडतो का ते. वरचा कोरडा, घट्ट गिलावा राहू दे. आणि मृगाच्या आधी भिंतीवर खडूने ओलीची रेघ मारा, शेजारी तारीख लिहा. पुढच्या वर्षी ती रेघ खाली आली की नाही, ते पाहूनच बाकीच्या पैशांना हात घाला.