किल्ली कोणाकडे?

गोष्ट २०२२ सालच्या डिसेंबरातली. आमच्या गावातल्या एका शाळेचं क्रीडा संमेलन होतं. बक्षिसांची जबाबदारी आमच्या महिला मंडळाकडे, म्हणून मी सकाळी सातलाच मैदानावर हजर. फक्की टाकून आखलेल्या रेघा, पताका, पाहुण्यांसाठी मांडव, सगळी जय्यत तयारी. पाहुण्यांना हार कोणी घालायचा, चहा कोणी द्यायचा, समईजवळ काडेपेटी कोणी ठेवायची, याची यादी मीच केली होती. ती माझ्या पर्समध्ये होती.

आठवीच्या मुलींची ४०० मीटरची धाव सुरू झाली. थंडी होती, धूळ उडत होती. शेवटच्या वळणावर एक मुलगी मटकन खाली बसली. (तिला आपण स्वाती म्हणू.) ‘चक्कर आली, चक्कर आली’ असा ओरडा झाला आणि क्षणात तिच्याभोवती हीऽ गर्दी! कोणी तिला आडवं झोपवलं, कोणी कांदा आणायला पळालं, कोणी चप्पल हुंगवा म्हणालं. आणि मी? मी शहाणीनं तिच्या तोंडात पाणी ओतायला सुरुवात केली. तिनं माझा हात झिडकारला. तिच्या छातीतून शिट्टीसारखा आवाज येत होता.

खेळाचे सर पलीकडच्या मैदानावर कबड्डीला होते. प्रथमोपचार पेटी ऑफिसच्या कपाटात. कपाटाची किल्ली क्लार्ककडे, आणि क्लार्क पाहुण्यांना आणायला स्टँडवर गेलेले. १०८ला फोन लावा, असं सगळेच म्हणत होते. पण प्रत्येकाला वाटलं, दुसऱ्यानं लावला. शेवटी लागला, तेव्हा ‘शाळेचं मैदान’ एवढंच सांगितलं गेलं. रुग्णवाहिका आली ती मागच्या फाटकाशी. त्याला कुलूप. पुढच्या फाटकात मांडववाल्याचा टेम्पो आडवा.

एवढ्यात स्वातीची मैत्रीण रडत रडत म्हणाली, “बाई, तिच्या दप्तरात पंप असतो. पण कुणाला सांगू नको म्हटलंय तिच्या आईनं.”

दप्तर वर्गात. चोऱ्या नकोत म्हणून वर्गाला कुलूप. त्याची किल्ली कोणाकडे, कुणालाच ठाऊक नाही. शेवटी दहावीच्या एका मुलानं दगडानं कुलूप फोडलं. पंप मिळाला. तोवर टेम्पोही हलला होता. सरकारी दवाखान्यात ऑक्सिजन लावला, आणि दुसऱ्या दिवशी पोरगी घरी आली. देवाची कृपा, दुसरं काय म्हणणार?

त्या रात्री मला झोप नाही. पर्समधली ती यादी काढून पाहिली. हार, चहा, काडेपेटी. एखादं पोर पडलं तर काय करायचं, याची एक ओळ नाही!

दोन दिवसांनी स्वातीच्या घरी गेले. तिच्या आईला रागवायचं ठरवूनच गेले होते. ती खाली मान घालून म्हणाली, “ताई, मुलीची जात. दम्याचं बाहेर कळलं तर उद्या कोण करून घेईल हिला?” माझा राग तिथंच गळाला. माझ्या धाकट्या बहिणीला लहानपणी फिट यायची. माझी आई चारचौघांत ‘जरा अशक्तपणा आहे’ एवढंच सांगायची. मग मी कोणाला बोलणार?

पण मैत्रिणींनो, दोन्ही बाजूंनी दार बंद होतं, हे मला त्या दिवशी कळलं. शाळेचं फाटक कुलपात आणि घराचं तोंडही कुलपात. मधे लेकरू गुदमरत होतं.

आम्ही शाळेत गेलो. “इतकी वर्षं संमेलनं झाली, काही झालं नाही,” असं उत्तर मिळालं. आम्ही चिकाटी सोडली नाही. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं सरकारी आणि अनुदानित शाळांमध्ये आठवीपर्यंतच्या वर्गांसाठी शाळा व्यवस्थापन समिती ठेवली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश पालक आणि निम्म्या स्त्रिया असल्या पाहिजेत. आपण मात्र तिथं नुसत्या सही करून येतो! या वेळी आम्ही विषय लावून धरला. गावातल्या एका डॉक्टरांना मदतीला घेतलं आणि एका कागदावर मावेल असा बेत तयार केला.

त्यात अवघड काही नाही. पडलेल्या मुलाजवळ कोण थांबेल? १०८ला कोण फोन करेल? (महाराष्ट्रात ही मोफत सेवा २०१४पासून आहे.) फोनवर काय सांगायचं तेही लिहिलं: कुठलं फाटक, जवळची खूण कुठली, मुलाला काय होतंय. फाटक उघडून रस्त्यावर कोण उभं राहील? गर्दी कोण मागे सारेल? आईवडिलांना कोण कळवेल, गाडीत सोबत कोण बसेल? प्रत्येक कामापुढे एक नाव आणि ती व्यक्ती नसेल तर दुसरं. खेळाच्या दिवशी पेटी कपाटात नाही, मैदानावर. फाटकात वाहन लावायचं नाही. संध्याकाळी त्याच मैदानावर कॉलेजची मुलं क्रिकेट खेळतात, तेव्हा ऑफिस बंद असतं. म्हणून एक किल्ली शेजारच्या किराणा दुकानात ठेवली.

डॉक्टरांनी आमच्या समजुतीही सुधारल्या. दमा उठलेल्या मुलाला झोपवू नये, ताठ बसवावं आणि त्याचा पंप लगेच द्यावा. शुद्ध नसेल तर तोंडात पाणी घालू नये. (मी मान खाली घातली!) उन्हाचा तडाखा बसून पोर बरळायला लागलं, तर गाडीची वाट बघत बसू नये. सावलीत नेऊन अंगावर पाणी ओतावं, वारा घालावा. डोक्याला मार लागला तर ‘काही नाही झालं’ म्हणत पुन्हा खेळायला पाठवू नये. मानेला लागल्याची शंका आली तर हलवू नये. ढगांचा गडगडाट ऐकू आला की मैदान सोडून पक्क्या इमारतीत जावं, शेवटच्या गडगडाटानंतर अर्धा तास थांबावं. झाडाखाली तर उभंच राहू नये. आणि मूल हाकेला ओ देत नसेल, श्वासही नीट नसेल, तर एकानं १०८ला फोन करावा आणि दुसऱ्यानं लगेच छातीच्या मधोमध दाब द्यायला लागावं, मिनिटाला १०० ते १२० या वेगानं. ते आम्हाला बाहुलीवर करून दाखवलं. पाच मिनिटांत दंड भरून येतात हो!

माझ्या मुलाला फुटबॉलचं वेड. १२ जून २०२१ला कोपनहेगनच्या मैदानावर डेन्मार्कचा एरिक्सन खेळता खेळता कोसळला, तो सामना आमच्या घरी चालू होता. त्याच्या साथीदारांनी त्याच्याभोवती पाठमोरं कडं केलं, डॉक्टरांनी छातीवर दाब दिला, यंत्रानं शॉक दिला. तो वाचला आणि पुढच्या वर्षी पुन्हा खेळला. उलट ५ डिसेंबर २००४ला बंगळूरमध्ये गोव्याच्या डेम्पो क्लबचा ख्रिस्तियानो ज्युनियर गोलरक्षकाशी टक्कर होऊन पडला तो कायमचाच. मैदानावरच्या वैद्यकीय सोयींबद्दल तेव्हा बरेच प्रश्न विचारले गेले. ते शॉकचं यंत्र आमच्या मैदानावर नाही. पण घाबरून घोळका करायचा की कामाला लागायचं, एवढं तरी आपल्या हातात आहेच की.

बेत कागदावर ठेवून उपयोग नाही, म्हणून आम्ही रंगीत तालीम केली. एका मुलाला पडायला सांगितलं आणि घड्याळ लावलं. पहिल्या वेळी फाटक उघडायला नऊ मिनिटं लागली! शिपाईकाका किल्ल्यांच्या जुडग्यातून किल्ली शोधत होते. मग त्या किल्लीला लाल रिबन बांधली. दुसऱ्या वेळी दोन मिनिटं.

मुलांच्या आजारांची माहिती आता वर्गशिक्षिका प्रत्येक आईशी एकटीनं बोलून घेतात आणि पाकिटात बंद ठेवतात. खेळाच्या दिवशी ते पाकीट फक्त खेळाच्या सरांकडे असतं. गुपित राहतं म्हटल्यावर आया बोलायला लागल्या. दमा, फिट, हृदयाचं छिद्र. किती जणी किती काय पोटात ठेवून होत्या!

स्वातीच्या आईनं पहिल्यांदा नकोच म्हटलं. मग एके दिवशी स्वतःच शाळेत आली. पुढच्या डिसेंबरात स्वाती पुन्हा धावली. नंबर नाही आला. पण पंप तिच्या खिशात होता, आणि दुसरा सरांच्या पिशवीत.

तुमच्याही गावात संमेलनाचे दिवस येतील. मुलांचे बूट, पांढरा गणवेश, डबा, सगळं तुम्ही बघालच. तेवढं शाळेत जाऊन एक विचारून या: फाटकाची किल्ली कोणाकडे असते? आणि घरी आल्यावर स्वतःलाही विचारा, माझ्या लेकराबद्दल शाळेला काय सांगायचं राहिलंय?