मालक जातो, मोटार उरते

व्हिंटेज अँड क्लासिक कार क्लब ऑफ इंडियाचे अध्यक्ष, मुंबईचे प्राणलाल भोगीलाल २०११ मध्ये गेले. अहमदाबादजवळ कठवाड्याच्या दास्तान इस्टेटमध्ये त्यांचं ‘ऑटो वर्ल्ड’ संग्रहालय आजही पाहता येतं. तिथे १००हून अधिक जुन्या मोटारी आहेत.

अशा माणसाला नुसता हार घालून निरोप देता येत नाही. त्याच्या गाड्या चालत्या ठेवाव्या लागतात. झाकून ठेवलेल्या गाडीच्या टाकीला गंज चढतो, रबर कडक होतं, टायर एकाच जागी दबतात. शिवाय हातातलं ज्ञान! हँडल मारून जुनी गाडी सुरू करताना अंगठा बाकीच्या बोटांच्याच बाजूला ठेवायचा, नाहीतर इंजिनाच्या उलट्या झटक्याने तो मोडतो. हे क्लबातलं जुनं माणूसच शेजारी उभं राहून शिकवतं.